महानंदा अक्कांची मोजणी

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीनं सगळ्या व्यवस्थापकांना नांदेडला दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. विषय होता, कामाच्या ठिकाणी चुकीचं नेतृत्व कसं ओळखावं. शिकवायला पुण्याहून आलेले गृहस्थ हुशार होते, बोलायचे छान. त्यांनी पडद्यावर एकामागून एक अकरा लक्षणं दाखवली. मग कोरे कागद वाटले आणि म्हणाले, तुमच्या आजवरच्या नोकरीत साहेब लोकांची पारख ज्याला सगळ्यात चांगली होती, त्याचं नाव लिहा. बाकीचे पेन चावत बसले. मी लगेच लिहिलं, महानंदा अक्का. त्यांनी कागद वाचून हुद्दा विचारला. मी सांगितलं, प्रयोगशाळेत मदतनीस. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. ते हसले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

ते दोन्ही दिवस मी त्या गार हॉलमध्ये बसून अक्कांचाच विचार करत होतो. त्यांच्याबद्दल कधीतरी नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं.

मी मूळचा भोकर तालुक्यातला. कृषी पदवी झाल्यावर पहिली नोकरी लागली ती लातूरहून औशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या बियाणे प्लांटवर. शेतकऱ्यांकडून आलेलं सोयाबीन इथं चाळून, निवडून, पिशव्यांत भरून बियाणं म्हणून विकायला जातं. पण त्याआधी ते उगवतं का, हे बघावं लागतं. त्यासाठी एक लहानशी खोली होती. चारशे दाणे मोजून चार ओल्या कागदांवर ओळीत मांडायचे, कागदांच्या गुंडाळ्या करायच्या, उबदार कपाटात ठेवायच्या आणि आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. शंभरात सत्तर आले नाहीत, तर तो माल बियाणं म्हणून विकता येत नाही. प्लांटवर दीडशे माणसं, मोठमोठ्या चाळण्या, गोदामं. पण माल जाणार की राहणार, हे ठरायचं त्या खोलीत, आणि त्या खोलीत महानंदा अक्का होत्या.

सातवी शिकलेल्या. राहायच्या औशाला, माहेर निलंग्याकडचं. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, साडीवर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात एक चिमटा. सकाळी पूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत, तरी साडेआठच्या ठोक्याला हजर. ओल्या कागदांत दिवसभर काम करून त्यांच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असायची. मोजताना ओठ हलत, आवाज येत नसे. मध्येच कोणी हाक मारली तर डावा हात वर करून एक बोट दाखवायच्या. थांबा. समोर कोण आहे याच्याशी त्या बोटाला काही देणंघेणं नव्हतं. एकदा खुद्द मालक दारात उभे होते आणि बोट वरच होतं. मालक थांबले.

आकडा आधी पेन्सिलीनं लिहायच्या. मग तीच गुंडाळी उलट्या टोकाकडून पुन्हा मोजायच्या आणि दोन्ही आकडे जुळले तरच पेननं गिरवायच्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं होतं, अक्का, एवढा वेळ कशाला घालवता. त्या म्हणाल्या, "सबूर करा सर. पहिल्यांदा आपण मोजतो, दुसऱ्यांदा आपलीच मोजणी होत असते."

मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण पदवीमुळे सही करण्याचा अधिकार माझा. त्या मला सर म्हणायच्या आणि शिकवायच्याही.

दुसऱ्या महिन्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. दोन लॉटच्या चिठ्ठ्या मी अदलाबदल केल्या. चांगला लॉट नापास, नापास लॉट पास. माल अजून गोदामातच होता म्हणून बरं. अक्कांच्या लक्षात आलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. मला घेऊन सरळ बिराजदार साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. बिराजदार साहेब म्हणजे तेव्हाचे प्लांट मॅनेजर. फारसं न बोलणारा, निवृत्तीला आलेला माणूस. अक्का म्हणाल्या, उगवणीच्या आकड्यात घोळ झालाय. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काय झालं? पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. ते ऐकत राहिले, मध्ये दोनदा काही विचारलं आणि दोन्ही लॉट पुन्हा लावायला सांगितले. चिठ्ठी नुसती कागदावर न चिकटवता गुंडाळीच्या आतही एक ठेवायची, हा नियम त्या दिवसापासून सुरू झाला. तो आजही आमच्या सगळ्या प्लांटवर आहे. चूक कोणाची, हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असणार. त्यांनी ते विचारलंच नाही.

बाहेर आल्यावर अक्कांनी मला थांबवलं. "सर, आधी काय इचारलं त्यांनी?"

"काय झालं, असं विचारलं."

"ध्यानात ठेवा. काही साहेब आधी इचारतात, कोणी केलं. तसं इचारलं की माणसं तोंड लपवायला लागतात. मग काय झालं ते कधीच कळत न्हाई."

मला तेव्हा ते नुसतं एका बाईमाणसाचं निरीक्षण वाटलं. त्याची किंमत कळायला मला तीन वर्षं लागली.

बिराजदार साहेब निवृत्त झाले आणि रणदिवे साहेब आले. उंच, हसतमुख, चाळिशीचे. पहिल्याच दिवशी दीडशे माणसांची नावं विचारून वहीत लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी न बघता हाका मारल्या. भिंतीवर एक फळा लावला, त्यावर रोज एखाद्याचं कौतुक. वाढदिवसाला केक. मला ते 'नांदेडचा वाघ' म्हणायचे. सगळा प्लांट त्यांच्या प्रेमात पडला, मी तर सगळ्यात आधी. अक्कांना विचारलं, कसे वाटले नवे साहेब? त्या म्हणाल्या, आजच लावलंय बी, आठ दिवस जाऊ द्या.

आठ दिवसांत त्यांनी काय बघितलं, ते मला पुढं कळलं. उबदार कपाटाचा पारा दोन अंशांनी चुकत होता. तशी बारीक गोष्ट. अक्का स्वतः केबिनमध्ये जाऊन ती सांगून आल्या. साहेबांनी पहिला प्रश्न केला, हे कोणाच्या ड्यूटीत झालं? मग हसून म्हणाले, जाऊ द्या, दुरुस्त करून घ्या, पण रजिस्टरमध्ये कशाला लिहायचं. त्याच आठवड्यात वरच्या ऑफिसला गेलेल्या पत्रात चाळणीच्या कामात झालेली सुधारणा त्यांनी आपल्या नावावर लिहिली. ती सुधारणा म्हाताऱ्या फिटरची होती. फळ्यावर त्या दिवशी फिटरचं नाव होतं, तो खूश होता. पत्रातलं त्याला माहीत नव्हतं. अक्कांना होतं, कारण पत्र टाइप करणारी मुलगी जेवायला त्यांच्याजवळ बसायची.

नवव्या दिवशी अक्का मला एवढंच म्हणाल्या, "ह्या साहेबांना वाईट खबर तोंडी द्यायची न्हाई सर. लिहून द्यायची अन् पोच घ्यायची."

मी हसण्यावारी नेलं. मनात म्हटलं, बाई जुन्या साहेबांची सवय सोडायला तयार नाही.

त्या वर्षी आमच्याकडे वाईट बातम्या येणंच बंद झालं. यंत्र बिघडलं तर फिटर गुपचूप दुरुस्त करायचा. पोतं फुटलं तर हमाल ते दुसऱ्या पोत्यांच्या मागं सारायचे. केबिनच्या दाराशी आलं की माणसांचे आवाज बारीक व्हायचे आणि आत जाताना चेहऱ्यावर हसू चढायचं. साहेब बैठकीत अभिमानानं सांगायचे, आपल्या प्लांटवर तक्रारी शून्य. अक्का मला म्हणाल्या, तक्रारी मेल्या न्हाईत, जमिनीखाली दडून बसल्यात. मी हे सगळं त्यांच्या शेजारी उभा राहून बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. आज याचंच नवल वाटतं. एकच खोली, एकच खिडकी, आणि त्या बाईला दिसायचं ते मला दिसायचं नाही.

मग तो उन्हाळा आला. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस लागून भिजलेला एक मोठा लॉट आमच्याकडे होता. मे महिन्याच्या मध्याला त्याची चाचणी लागली आणि आठव्या दिवशी अक्कांनी पेननं आकडा गिरवला, एकसष्ट. साहेब म्हणाले, पुन्हा लावा. ते रास्तच होतं. पुन्हा लावलं, साठ. तिसऱ्यांदा लावलं, बासष्ट. पेरणी तोंडावर आलेली, वरून फोनवर फोन, आणि साहेबांनी वर आधीच कळवून टाकलेलं, की माल तयार आहे.

तिसऱ्या मोजणीच्या दिवशी साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. पहिल्यांदाच. अक्का मोजत होत्या. बोट वर झालं. साहेब थांबले नाहीत, बोलत राहिले. तुम्ही फार कडक मोजता, हे वाकडे कोंबही उगवतीलच की, शेतकरी दाणे जास्त टाकतो, एवढ्या तेवढ्यानं काय होतं. आवाज गोडच होता. अक्कांनी मोजणी पुरी केली, आकडा लिहिला, आणि उठून आपलं स्टूल साहेबांकडे सरकवलं. चिमटा पुढं केला.

"तुम्ही मोजा साहेब. तुम्ही मोजाल तो आकडा मी लिहिते."

साहेब बसले. त्यांना वाटलं असेल, यात काय अवघड. मोजू लागले. अक्का शेजारी उभ्या राहिल्या. साहेबांनी एक कोंब चांगल्यात टाकला. अक्कांनी विचारलं, साहेब, ह्याला मूळ कुठाय? त्यांनी तो परत काढला. पुढचा टाकला. ह्याचा शेंडा काळा पडलाय, पान कुठून फुटंल? तोही काढला. अक्कांच्या आवाजात जरासुद्धा टोमणा नव्हता. त्या मला शिकवायच्या तशाच त्यांना शिकवत होत्या. मी भिंतीला टेकून बघत होतो. चाळीस-पन्नास दाण्यांनंतर साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांना कळून चुकलं, की शेवटपर्यंत मोजलं तर आकडा तोच येणार, आणि तो त्यांच्या हातानं येणार. त्यांनी चिमटा खाली ठेवला, घड्याळ बघितलं, फोन आल्यासारखं केलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अक्कांची बदली झाली, पिशव्या शिवण्याच्या शेडमध्ये. फळ्यावर त्यांचं नाव झळकलं. अनुभवी कर्मचाऱ्यांना नवी जबाबदारी.

आणि त्याच दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. म्हणाले, वाघा, तुझ्यावर भरवसा आहे. कागद समोर होता. मी चौऱ्याहत्तर लिहिलं आणि सही केली.

हे लिहिताना आजही पेन थांबतं. मला कोणी धमकावलं नव्हतं. मला फक्त त्या फळ्यावरून खाली उतरायचं नव्हतं. आणि तो लॉट जाणार कुठं होता, तेही मला माहीत होतं. ट्रकच्या कागदावर लिहिलं होतं, भोकर आणि उमरी. माझाच मुलूख.

शनिवारी संध्याकाळी सुटताना अक्का गेटपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडला जायचंय, मालकांच्या घरी. तुम्ही सोबत चला. का, असं मी विचारलं नाही. रविवारी लातूरच्या स्टँडवर त्या आल्या तेव्हा हातात स्टीलचा मोठा डबा होता. आत ओल्या फडक्यात तिसऱ्या चाचणीच्या चारही गुंडाळ्या. फेकून द्यायच्या होत्या, त्यांनी जपून ठेवल्या होत्या. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. डबा मांडीवर. मधून मधून झाकण उघडून फडक्यावर बाटलीतलं पाणी शिंपडायच्या. मी खिडकीबाहेर बघत होतो. लोह्याच्या पुढं मला राहवेना. म्हणालो, अक्का, चौऱ्याहत्तरवर सही माझी आहे.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमाला घेऊन निघाले."

पुढं नांदेड येईपर्यंत त्यांनी माझ्याशी दुसरंच बोलणं काढलं. आई कशी आहे, बहिणीचं ठरलं का. मला वाटतं, त्यांना मला रडू द्यायचं नव्हतं.

मालक म्हणजे सत्तरी ओलांडलेले शेठजी. नुकतीच अंघोळ करून ओट्यावर पेपर वाचत बसले होते. अक्कांनी नमस्कार केला, डबा उघडला, गुंडाळ्या त्यांच्यापुढं ओळीनं मांडल्या आणि लॉटचा नंबर सांगितला. हा माल भोकरला गेलाय म्हणाल्या. शेठजींनी आधी गुंडाळ्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. विचारलं, "कोणी केलं हे?"

मी एक पाऊल मागं सरकलो. अक्का तशाच उभ्या. "ते सांगायला मी आले न्हाई, शेठजी. काय झालंय ते आधी बगा."

कोणी नोकरमाणूस शेठजींशी असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, पुढंही ऐकलं नाही. बाई औशाहून आलेली, पायांत साधी चप्पल, महिन्याचा पगार माझ्या निम्मा. आणि त्या ओट्यावर, त्या क्षणी, सगळ्यात उंच तीच होती. शेठजींनी आतून जाड भिंगाचा चष्मा मागवला. अक्कांनी पिशवीतून चिमटा काढून दिला. शेठजी मोजायला बसले. एक गुंडाळी संपली, दुसरी घेतली. घरातून दोनदा नाश्त्याला हाक आली, त्यांनी डावा हात वर केला. चारही गुंडाळ्या त्यांनी शेवटपर्यंत मोजल्या. मग पेपरच्या कोऱ्या कडेवर आकडा लिहिला आणि फोन उचलला.

मी म्हणालो, शेठजी, सही माझी आहे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नंतर."

एक ट्रक उमरीच्या अलीकडेच थांबवला. भोकरचा माल दुकानांत पोचला होता, काही पिशव्या शेतकऱ्यांच्या घरी गेल्या होत्या. त्या परत आणायच्या होत्या. अक्कांनी माझ्याकडे बघून शेठजींना सुचवलं, जाधव सरांना पाठवा, त्यांचा तालुका हाय. ती शिक्षा होती की दया, हे मी पुढं अनेकदा मनाशी तोलून पाहिलं. पाच दिवस मी गावोगाव फिरलो. ओळखीच्या अंगणांत उभा राहून सांगत होतो, हे बी पेरू नका, आमची चूक झाली, बदलून देतो. कोणी शिव्या दिल्या, कोणी पाणी दिलं. एका म्हाताऱ्यानं पिशवी परत देताना विचारलं, पेरलं असतं तर काय झालं असतं? मी सांगितलं, बाबा, दहातली चार उगवली नसती. तो नुसता बघत राहिला. त्या बघण्यानं मला जे शिकवलं, ते पदवीनं शिकवलं नव्हतं. माझी नोकरी राहिली. का राहिली, कोणी शब्द टाकला, हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही.

अक्का सोमवारी परत आपल्या स्टुलावर होत्या. रणदिवे साहेब दिवाळीपर्यंत राहिले, मग दुसरी नोकरी मिळवून गेले. निरोपाला केक होता. अक्कांनी तुकडा घेतला, हात जोडले, सांभाळून राहा म्हणाल्या. मला राग येत होता. मी म्हणालो, या माणसाला नमस्कार कसला करता? त्या म्हणाल्या, "माणूस वाईट नव्हता सर. त्याला भ्या लई होतं. वरच्याचं भ्या. अन् भ्यालेल्या माणसाच्या हाताखाली सगळेच भितात. तुमी पण भ्यालाच की."

त्या पुण्याच्या गृहस्थांच्या अकरा लक्षणांत हे नव्हतं.

वर्षं गेली. अक्कांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा त्याच प्लांटचा मॅनेजर मी झालो. ठरवलं होतं, काहीही होवो, रणदिवे व्हायचं नाही. फळा काढला, केक बंद. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका सोमवारी कळलं, की सुट्टीत उबदार कपाटाची वीज गेली आणि पूर्ण आठवड्याच्या चाचण्या वाया गेल्या. पेरणीचे दिवस, वरून फोन. मी तरातरा त्या खोलीत गेलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "कोणी केलं हे?"

खोलीत पाच माणसं. पाचही माना खाली. अक्का मोजत होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मोजायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक कागद होता. त्यांच्या गोल, शाळकरी अक्षरात. कपाटाच्या वायरिंगमध्ये बिघाड आहे, तपासून घ्यावं, असा दोन ओळींचा मजकूर. खाली लिहिलं होतं, पोच द्यावी ही विनंती.

मी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांच्या खोलीत गेलो. बाकीचे बाहेर गेले. म्हणालो, अक्का, झालं का माझं? नापास? त्यांनी गुंडाळी खाली ठेवली. म्हणाल्या, "एका मोजणीवर मी कधी निकाल दिलाय का? परत लावून बघतेय."

पुढचे आठ दिवस मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा वागलो. शेवटी एका दुपारी अक्का स्वतः केबिनमध्ये आल्या, रिकाम्या हातानं. नव्या कागदांच्या गठ्ठ्याला बुरशी आली होती, निम्मे कागद गेले होते. मी चष्मा काढला आणि विचारलं, काय झालं, पहिल्यापासून सांगा. त्यांनी सगळं सांगितलं. उठताना त्यांच्या ओठांवर बारीकसं हसू होतं. म्हणाल्या, उत्तर पाठ केलेलं हाय, पण चालंल. पाठ करता करता मुरतं अंगात.

त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. शेवटच्या दिवशीचे चार लॉट मोजले, चिमटा धुऊन, पुसून पुढच्या मुलीच्या हातात दिला आणि नेहमीच्या गाडीनं औशाला गेल्या.

मागच्या वैशाखात मी त्यांना भेटायला औशाला गेलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, हातात वॉकर होता. माझं एक कामही होतं. प्रयोगशाळेला नवा प्रमुख नेमायचा होता. दोन नावं होती आणि मला ठरवता येत नव्हतं. दोघांबद्दल मी तासभर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नकार दिला. "म्या त्यांना बगितलं न्हाई. न बगता सांगणं म्हंजे न मोजता आकडा लिवणं. तुमचं काम हाय, तुमी करा." मग सुनेला ताटं वाढायला सांगितली. मी हात धुवायला गेलो. परत आलो तर अक्का जागेवर नव्हत्या.

खिडकीतून बाहेर बघितलं. दुपारचं ऊन नुसतं रणरणत होतं. माझी गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती आणि अक्का एक एक पाऊल टाकत वॉकरनं तिथवर पोचल्या होत्या. दीड तास आत बसलेला माझा ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्यासमोर उभा होता. त्या काहीतरी विचारत होत्या, तो मान हलवून सांगत होता. मग मी त्याला हसताना बघितलं. दोन वर्षांत त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. ती दोघं हळूहळू घरात आली. तो आमच्या पंगतीला बसला.

निघताना अक्का दारापर्यंत आल्या. मला जरा बाजूला घेतलं. म्हणाल्या, "सर, त्या माणसाला डाव्या कानानं ऐकू कमी येतं. तुमी मागं डाव्या बाजूला बसून बोलता. ठाव हाय का तुमाला?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्याला मंद समजत होतो. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते म्हणून किती वेळा त्याच्यावर खेकसलो होतो, तेही त्याच डाव्या कानात. अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, ती सुरकुतलेली बोटं, आणि जा म्हणाल्या.

मी गाडीला वळसा घातला आणि मागं उजव्या बाजूला बसलो, ड्रायव्हरच्या पाठीमागं. त्यानं आरशातून माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं. गाडी सुरू झाली. मी मागं वळून काचेतून बघितलं. अक्का वॉकरला धरून दारात उभ्या होत्या, उन्हात डोळे बारीक केलेले. गल्ली वळेपर्यंत त्या दिसत होत्या. मग मी ड्रायव्हरच्या उजव्या कानाजवळ वाकलो आणि त्याचं गाव विचारलं.